कागद नसलेल्याची साक्ष कोण देणार?



जून महिना लागला की आमच्या कचेरीच्या दारात चपलांची गर्दी वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला रहिवासाची चिठ्ठी हवी असते, तर कोणी नुसतेच विचारायला येतो, "फादर, हे कुठं मिळतं?" निकाल लागलेला असतो. घरात पेढे वाटून झालेले असतात. मग कॉलेजच्या खिडकीवर यादी हातात पडते: शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, आधार, बँकेचे पासबुक. ती यादी वाचता वाचता आईवडिलांच्या चेहऱ्यावरचा आनंद कसा उतरत जातो, ते आम्ही दरवर्षी पाहतो.

आज आपण एका प्रश्नावर विचार करू या. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला हक्क असतो की नसतो? आणि असेल, तर तो त्याच्या पदरात पडावा म्हणून धडपडण्याचे कर्तव्य कोणाचे?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे आला. त्याचा जन्म ऊसतोडीच्या फडावर, कोपीत झालेला. कुटुंब एका भटक्या जमातीचे, ख्रिस्ती नव्हे. दिवाळी झाली की आईवडील कारखान्याकडे निघत आणि उन्हाळ्यात परत येत. मुलगा मात्र सहावीपासून वसतिगृहात राहून शिकला आणि बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी पास झाला. त्याला फार्मसीला जायचे होते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला व वैधता हवी. दाखल्यासाठी त्याचे वाडवडील २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते, असे दाखवायला हवे. वडील शाळेत गेलेले नव्हते, आजोबाही नव्हते. सातबारा नव्हता, कारण जमीनच नव्हती.

त्याच्याबरोबर एक हितचिंतक आले होते. ते म्हणाले, "फादर, तुमच्याकडे जुन्या वह्या आहेत. ह्याचे आजोबा मिशनच्या कामावर होते म्हणतात. बघा की."

आम्ही कपाट उघडले. १९७२ च्या दुष्काळात विहिरीच्या खोदकामावर आलेल्या मजुरांची वही निघाली. आजोबांचे नाव तीत खरोखरच होते. पण साल १९७२. हितचिंतक हळूच म्हणाले, "एक पत्र द्या, की हे कुटुंब १९६० पासून मिशनच्या ओळखीचं आहे. तुमच्या शिक्क्याला कोण विचारणार? पोराचं आयुष्य उभं राहील."

आम्ही नकार दिला. जे आम्हाला ठाऊक नाही, ते आम्ही लिहू शकत नाही, असे सांगितले. "मग ह्या वहीचा काही उपयोग नाही," असे म्हणून वही मिटली आणि कपाट लावून घेतले. मुलगा काही बोलला नाही. पाया पडून गेला. त्या वर्षी त्याचा प्रवेश हुकला आणि तो एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला लागला.

त्या रात्री आम्ही शांतपणे झोपलो, हे कबूल केले पाहिजे. आम्ही खोटे बोललो नव्हतो, म्हणजे आमचे कर्तव्य पार पडले, असे आम्हाला वाटत होते. आमची चूक कोठे झाली, हे समजायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले.

कागद म्हणजे काय?

आधी कागदाची बाजू प्रामाणिकपणे समजून घेऊ. जागा थोड्या असतात, मागणारे पुष्कळ असतात. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या अन्याय झाला, त्यांच्यासाठी ठेवलेली जागा दुसऱ्याने लबाडीने बळकावू नये म्हणून शासन पुरावा मागते. त्यात गैर काही नाही. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावरच ठेवला आहे. प्रत्येक प्रवर्गासाठी एक मानीव दिनांक ठरलेला आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७.

पण हा भार सर्वांना सारखा जड नसतो. ज्याच्या आजोबांकडे जमीन होती, त्याचे नाव खासरा पत्रकात सापडते. ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याला प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळतो. ज्याच्याकडे दोन्ही नव्हते, म्हणजे जो खरोखर वंचित होता, त्याच्याकडेच वंचित असल्याचा पुरावा नसतो. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर हे फारच विचित्र आहे. शेजारच्या इंग्रजी मुलखात गुन्हेगार जमाती कायद्याने यांच्यापैकी अनेक जमातींची नावे पोलिसांच्या रजिस्टरात चढवली होती, हजेरी घेतली जात होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. ज्यांच्यावर सरकारने एवढी पाळत ठेवली, त्यांच्याच नातवंडांना आज कॉलेजच्या खिडकीवर "तुम्ही कोण?" असे विचारले जाते. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ साली आणि भिकू इदाते आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी या समाजांच्या कागदपत्रांच्या अभावाकडे देशाचे लक्ष वेधले होते.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. २०२३ साली आपल्याच जिल्ह्यातील अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निजामकालीन नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचे हे ठिकाण नव्हे. पण जुन्या वहीतल्या एका ओळीला केवढी किंमत असते, हे त्या वेळी साऱ्या राज्याला कळले.

आणि ही ओळ लिहितो कोण? माणूसच. आपल्या धर्मग्रामात किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, ते एकदा मोजून पाहा. गुरुजींनी विचारले, आईने सांगितले, "दुष्काळाच्या आगल्या साली झाला," आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकले. आज तीच तारीख पासपोर्टवर आहे! यात हसण्यासारखे काही असेल, पण शिकण्यासारखेही आहे. कागद आकाशातून पडत नाही. कोणा तरी माणसाने कधी तरी दुसऱ्या माणसाबद्दल दिलेली साक्ष म्हणजे कागद. गुरुजींनी ती दिली म्हणून तो मुलगा शाळेत बसला. ज्याच्याबद्दल कोणीच साक्ष दिली नाही, तो बिनकागदाचा राहिला.

कायदा कोठपर्यंत सोबत करतो?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे त्याचे कलम १४ सांगते. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने दिलेला हा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. म्हणजे आठवीपर्यंत कायदा मुलाचा हात धरतो. पुढे कॉलेजच्या फाटकाशी तो हात सुटतो.

अमेरिकेतही असेच घडले. तिथली गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे परदेशातून विनापरवाना आलेल्या आईबापांच्या मुलांचा प्रश्न होता, तर आपली ही मुले याच मातीतली आहेत. तरी साम्य पाहण्यासारखे आहे. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याला बजावले, की कागद नाहीत म्हणून मुलांना सरकारी शाळेबाहेर ठेवता येणार नाही. पण तो निकाल शाळेपुरता होता. विद्यापीठाचे दार बंदच राहिले. मग २००१ साली कॅलिफोर्नियाने एक साधा मार्ग काढला: ज्याने राज्यातल्या शाळेत तीन वर्षे शिक्षण घेऊन तेथेच शालान्त परीक्षा दिली, त्याला राज्यातल्या विद्यार्थ्याचीच फी लागेल. म्हणजे शाळेची हजेरीच त्याची साक्षीदार ठरली. पुढे बर्कलीच्या विद्यापीठात अशा मुलांसाठी सल्ला, कायद्याची मदत आणि पुस्तके देणारा खास विभाग सुरू झाला. हे सारे कायमचे नसते, हेही लक्षात ठेवावे. टेक्सासने २००१ मध्येच दिलेली अशी फीची सवलत २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली.

आपल्याकडेही अनेक कॉलेजांत "समान संधी केंद्र" असा फलक दिसतो. तो फलक एखाद्या बंद खोलीवर आहे, की आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर, एवढाच प्रश्न असतो.

खोटे आणि मौन यांच्या मध्ये

आता आमच्या चुकीकडे वळू. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत ऑगस्टीन यांचा असत्याविषयीचा एक छोटा ग्रंथ वाचला होता. तो त्यांनी सुमारे ३९५ साली लिहिला. त्यात उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावच्या फर्मुस नावाच्या बिशपांची हकीकत आहे. सम्राटाच्या शिपायांपासून पळून आलेल्या एका माणसाला त्यांनी लपवले. शिपाई विचारायला आले. बिशपांपुढे दोनच मार्ग दिसत होते: "तो येथे नाही" असे खोटे सांगणे, किंवा त्याला पकडून देणे. त्यांनी दोन्ही नाकारले. मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला दाखवूनही देणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांचा छळ झाला. शेवटी त्यांना सम्राटापुढे नेले, आणि त्यांचा निश्चय पाहून सम्राटाने त्या माणसाला माफी दिली.

विद्यार्थी असताना आम्ही या गोष्टीतून "खोटे बोलू नये" एवढेच शिकलो. दुसरा अर्धा भाग आमच्या ध्यानात आला नव्हता. फर्मुस खोटे बोलले नाहीत, पण त्या माणसाला त्यांनी वाऱ्यावरही सोडले नाही. आम्ही अर्धेच फर्मुस झालो होतो.

खोटे पत्र न देण्याचा निर्णय बरोबरच होता. तशा पत्राने काय झाले असते? वैधता समितीचे दक्षता पथक चौकशीला आले असते, पत्र खोटे ठरले असते, आणि शिक्षा त्या मुलाला झाली असती. खोट्या दाखल्यावर घेतलेली पदवीसुद्धा कायद्याने रद्द होते. शिवाय एक खोटा कागद शंभर खऱ्या माणसांना संशयित करतो. २०२५ च्या सुरुवातीला बोगस नोंदींच्या संशयावरून राज्यात उशिराच्या जन्मनोंदींचे काम काही काळ थांबवले गेले आणि नंतर नियम कडक झाले. त्याचा फटका फडावर आणि वीटभट्टीवर जन्मलेल्या, पण कोठेच न नोंदलेल्या खऱ्याखुऱ्या मुलांनाही बसतोच.

म्हणून नकार बरोबर होता. चूक पुढच्या वाक्यात होती: "ह्या वहीचा काही उपयोग नाही." आम्हाला १९६० बद्दल काही ठाऊक नव्हते, हे खरे. पण १९७२ बद्दल ठाऊक होते! तेवढे लिहून द्यायला आम्हाला कोणी अडवले होते? या मुलाला आम्ही सहावीपासून ओळखतो, त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हेही आम्ही लिहू शकत होतो. जे मागितले ते खोटे होते, म्हणून जे खरे होते तेही आम्ही दिले नाही. आपला सदरा स्वच्छ राहिला याच्या समाधानात समोरच्या मुलाकडे पाहायचे राहून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ती वही पुन्हा काढली. मजुराच्या नावापुढे एक रकाना होता, "मूळ गाव". त्यात मंठा तालुक्यातल्या एका गावाचे नाव होते. आपल्या धर्मग्रामातले एक निवृत्त शिक्षक त्या मुलाला घेऊन तिकडे गेले. शाळेच्या जुन्या नोंदवहीत आजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचे नाव मिळाले, जमातीच्या नोंदीसह. साल १९५६. हे थोरले आजोबा फक्त चार महिने शाळेत गेले होते. त्या चार महिन्यांनी नातवाला उभे केले. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र झाले, गृहचौकशी झाली, दाखला मिळाला. वैधतेची फाइल मात्र वेळेत निघाली नाही, म्हणून त्याने त्या वर्षी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. फार्मसी राहूनच गेली. आमच्या एका वाक्याची किंमत त्याने भरली, हे आम्ही विसरत नाही.

आपल्या घरातले दोन कागद

हा प्रश्न फक्त भटक्यांचा आहे, असे समजू नका. आपल्यापैकी कित्येक घरांत दोन नोंदी आहेत, चर्चच्या वहीत एक आणि शाळेच्या वहीत दुसरी. त्याचे कारण आपल्याला माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत, आणि त्यांच्या प्रश्नावर केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. शाळेत नाव घालताना एखाद्या बापाने मुलाच्या भल्यासाठी एक रकाना वेगळा भरला असेल, तर त्याला दोष देणे आम्हाला जमत नाही. पण जे मूल एका खिडकीवर एक नाव आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरे नाव सांगायला शिकते, त्याच्या मनावर काय ओझे पडते, याचा विचार आपण केला आहे का?

येथेही खोटे आणि मौन यांच्या मधला मार्ग आहे, पण तो कोणी दाखवत नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या यादीत आहे. हा हक्क उघडपणे, आपल्या खऱ्या नावाने मागता येतो. कित्येक घरांना हे ठाऊकच नाही. हे सांगणे आमचे काम होते, आणि त्यात आम्ही कमी पडलो.

मग आपण काय करावे?

ॲरिस्टॉटलने एक सुंदर दाखला दिला आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी मोजमापासाठी शिशाची पट्टी वापरत. दगड ओबडधोबड असला तरी ती पट्टी त्याच्या अंगाला लागून वळे. म्हणून माप चुकत नसे, उलट बरोबर येई. नियम वापरणाऱ्यानेही असेच असावे, असे त्याचे म्हणणे. संत थॉमस यांनी याला एक सद्‌गुणच मानले: ज्या हेतूने नियम झाला, तो हेतू पाळणे. आपल्यापैकी काही जण शाळांत, तहसीलमध्ये, कॉलेजच्या खिडकीमागे काम करतात. त्यांना आमची विनंती आहे. नियम मोडू नका. पण "नाही" म्हणताना त्याच्यासाठी दुसरा कोणता पुरावा चालेल, हे सांगा. कायद्यात गृहचौकशी आहे, नातेवाइकांचे पुरावे आहेत, जुन्या नोंदी आहेत. पाच मिनिटांच्या या माहितीने एखाद्याचे एक वर्ष वाचेल.

आईवडिलांना सांगणे आहे, की जूनची वाट पाहू नका. मूल दहावीत गेले की आजोबांचे, चुलत्यांचे, आत्याचे शाळेचे दाखले शोधायला लागा. अर्ज दिला की पोच घ्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे आणि नकार असेल तर कारण लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे. त्यावर अपीलही करता येते. खिडकीवर तोंडी "होणार नाही" ऐकून परत येऊ नका.

आणि आम्ही? आमच्या कपाटाची किल्ली आता सचिवांकडेही आहे. दुष्काळाच्या वह्या, वसतिगृहाची हजेरी, जुनी बाप्तिस्मा रजिस्टरे, यांतली ज्याची नोंद असेल त्याला तिची खरी प्रत मिळेल, मग तो आपल्या धर्माचा असो वा नसो. वहीत असेल तेवढेच लिहू, पण असेल ते सगळे लिहू. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर ते निवृत्त शिक्षक सभागृहात बसतील. ज्यांना तहसीलची भाषा कळते, अर्ज भरता येतात, उर्दू किंवा मोडी वाचता येते, त्यांनी एक तास त्यांच्याशेजारी बसावे. आणि ज्यांना यातले काहीच येत नाही, पण शेजारच्या वस्तीवरचे एखादे मूल ठाऊक आहे, त्यांनी त्याला हाताला धरून घेऊन यावे. त्याला ओळखणारा कोणी तरी आहे, एवढी साक्ष तर आपल्यापैकी प्रत्येक जण देऊ शकतो.

आपला,
धर्मगुरू